पेणला जाते म्हणाली

विमानतळावर नोकरी करते म्हटलं की लोक आधी माझ्या कपड्यांकडे बघतात, मग पायांतल्या जाड बुटांकडे, आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की कुठे?" त्यांच्या डोळ्यांसमोर लिपस्टिक लावून हात जोडणाऱ्या मुली असतात. मी सांगते, खाली. काउंटरवर तुम्ही बॅग देता, ती पट्ट्यावरून रबरी पडद्याआड जाते ना, तिथून पुढे आमचं राज्य. तुम्ही वर कॉफी पीत बसता तेव्हा तुमची बॅग माझ्यासमोरून जात असते.

आमचं घर अष्टमीला, रोह्याच्या पुलापलीकडे. वडील धाटावच्या एका कारखान्यात होते. ते गेले तेव्हा धाकटा भाऊ नुकताच मस्कतला नोकरीला लागला होता. पुढे त्याचं लग्न झालं, बायकोही तिकडेच गेली, आणि घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो. मी रोह्यात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचे. नवा विमानतळ सुरू होणार म्हणून भरती निघाली तेव्हा सहज अर्ज केला आणि लागले. कंपनीची बस पहाटे रोह्याहून निघते आणि नागोठणे, पेण करत जाते. दुसऱ्या शिफ्टची परतीची बस मात्र पेणपर्यंतच येते. त्यामुळे दुसरी शिफ्ट असली की मी पेणला मावशीकडे झोपायचे आणि सकाळी घरी जायचे. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. तिच्या गल्लीत गणपतीचे कारखाने आहेत. वर्षातले आठ महिने तिच्या ओट्यासमोर न रंगवलेले पांढरे गणपती वाळत असतात आणि घरात कायम मातीचा वास येतो.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने विचारलं होतं, "इतक्या बॅगा, कुठली कुठं जायची ते कसं कळतं गो तुम्हाला?"

मी तिला समजावून सांगितलं. बॅगेच्या मुठीला लांब कागदी पट्टी गुंडाळतात, तिच्या आत एक बारीकशी चिप असते आणि चिपेभोवती केसाएवढी धातूची रेघ. बेल्टवर ठिकठिकाणी कमानी आहेत. बॅग कमानीखालून गेली की कमान रेडिओच्या लहरी सोडते आणि चिप आपला नंबर सांगते. पूर्वी पट्टीवरच्या काळ्या रेघा वाचायला लागायच्या. बॅग उलटी पडली, पट्टी खाली दबली की वाचता येत नसे. आता पट्टी दिसो न दिसो, नंबर कळतो. मग बेल्टच ठरवतो, ही डावीकडे, ही उजवीकडे, ही थांबव. विमानात चढवतानाही पुन्हा वाचतात, उतरवतानाही. त्याचं नाव आरएफआयडी, पण आम्ही नुसतं टॅग म्हणतो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा स्टिकर बघून दांडा वर जातो, त्यातलाच प्रकार.

"म्हंजे बॅग बोलते," आई म्हणाली.

"बोलते. आणि जी बोलत नाही ती माझ्याकडे येते."

ते खरंच होतं. पट्टी फाटली, दुमडली, चिरडली, आतली रेघ तुटली की कमानीला उत्तर मिळत नाही आणि बेल्ट ती बॅग बाजूच्या लाइनवर ढकलतो. तिथे आम्ही चारजणी उभ्या असतो. हातातल्या स्कॅनरने पट्टीवरच्या रेघा वाचायच्या, स्क्रीनवर नाव आणि विमान बघायचं, नवी पट्टी काढून लावायची आणि बॅग पुन्हा बेल्टवर सोडायची. आम्ही त्यांना मुक्या बॅगा म्हणतो. आईला तो शब्द फार आवडला होता. मी घरी आले की ती विचारायची, "आज किती मुक्या?"

काम मला आवडायला लागलं आणि वरच्यांच्याही ते लक्षात आलं असावं. दीड वर्षाने आमच्या सरांनी बोलावून सांगितलं, बंगळुरूला असाच नवा बेल्ट बसतोय, तिथे लाइन सांभाळायला अनुभवी माणूस हवंय, तुझं नाव देऊ का? राहायला खोलीही मिळणार होती. मावशीकडच्या रात्री सोडल्या तर रोह्याबाहेर कधी राहिले नव्हते मी. बसमध्ये बसून पेण येईपर्यंत मी मनात सगळं सामान भरलंसुद्धा होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती जेवत होती. तिचा हात ताटातच थांबला. मग उठून तिने ताट तसंच मोरीत नेऊन ठेवलं. दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी मी न विचारता म्हणाली, "जा तू. मी पडेन हितं कुठं तरी. वास आला की बाजूची दार उघडतील."

"आई, काय बोलतेस?"

"मग काय बोलू? बाप गेला तुझा, पोरगा गेला समुद्रापार. आता तू. मी कोणाच्या तोंडाकडं बघू?" आणि ती रडायला लागली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आपण दोघी हितंच राहू गो. तू मला सोडू नको, मी तुला नाय सोडत."

मी सरांना नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी आईने बिरडं केलं, मला आवडतं तसं नारळ घालून, आणि समोर बसून वाढलं. बंगळुरूला दुसरीच कोणी गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण आईसाठी केलंय हे समाधानही होतं. कोणी विचारलं की मी जरा अभिमानानेच सांगायचे, आईला सोडून कशी जाणार?

पुढच्या पावसाळ्यात भावाच्या बायकोला दिवस गेल्याचं कळलं. आम्ही दोघीही खूश झालो. मग एका रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. आई माझ्या शेजारी बसली होती.

"ताई, आईला पाठव इकडे. बाळंतपणाला कोणीतरी हवं."

"तुझी सासू येणार होती ना?"

"ती महिनाभर राहील. पुढे काय? आम्ही दोघंही कामावर. आई राहिली तर बाळाचं बघेल."

मी सरळ बोलले. आईचे गुडघे दुखतात, तिला भाषा येत नाही, बंद घरात दिवसभर एकटीने मूल सांभाळायचं, वर तुमचा स्वयंपाक करायचा. कामाला बाई ठेव, असं मी त्याला म्हटलं.

तो चिडला. "तू कोण ठरवणारी?"

"मी तिच्याजवळ राहते."

फोन ठेवल्यावर मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. मी नाय जात कुठं. माझ्यानं नाय होणार." विषय तिथेच संपला, असं मी तरी समजले.

त्यानंतर आईचं पेणला जाणं वाढलं. दर आठ-पंधरा दिवसांनी एसटीने जायची, रात्रभर राहून यायची. मावशीकडे पोह्याचे पापड लाटायचं मोठं काम असतं, तिला मदत, असं सांगायची. जाताना पिशवीत काही ना काही असायचं. कडवे वाल, सुंठ, एकदा डिंक.

"डिंक कशाला मावशीला?" मी विचारलं.

"तिच्या शेजारणीची लेक बाळंत झालीय. लाडू करून देऊ दोघी."

घरातली एक निळी चादरही दिसेनाशी झाली. पिवळ्या बारीक फुलांची, मीच रोह्याच्या बाजारातून आणलेली. विचारलं तर म्हणाली, फाटली, पोतेरं केलं. चादर काही फाटण्याइतकी जुनी नव्हती, पण चादरीवरून कोण वाद घालतं?

थंडी सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन हाय. पंधरा दिवस पेणला जाते."

"मी रजा घेऊ का? दवाखान्यात सोबत येते."

"नको, नको. तिचा पोरगा हाय की." मग भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "या आठवड्यात तुझी शिफ्ट कुठली?"

"पहिली."

"पुरा आठवडा?"

"हो."

मी तिला रोह्याच्या स्टँडवर सोडायला गेले. हातात एक कापडी पिशवी, बस्स. पेणची गाडी लागल्यावर तिने माझ्या गालावरून हात फिरवला. आमच्या घरात असं काही करायची पद्धत नाही. "जेवत जा वेळेवर. दूध तापवून ठेव," ती म्हणाली आणि तिचा आवाज जड झाला.

मी हसले. "पेणला चाललीस की लंडनला?"

तीही हसली आणि गाडीत चढली. खिडकीतून तिने मागे वळून बघितलं नाही.

दोनच दिवसांनी नागोठण्याच्या माझ्या मैत्रिणीने शिफ्ट बदलून मागितली. तिच्या घरी साखरपुडा होता आणि तिची त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती. मी आनंदाने हो म्हटलं. दुसरी शिफ्ट म्हणजे मुक्काम पेणला, आईही तिथेच. सकाळी मावशीला फोन केला.

"मावशी, आज मी येते गो झोपायला."

"आज? आज नको गो. रंगकाम काढलंय घरात."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि रंगकाम?"

"म्हंजे... पाहुणे पण हायत. तू उद्या ये."

"बरं, आईला दे जरा."

"ती देवळात गेलीय."

काहीतरी खटकलं. वाटलं, ऑपरेशन बिघडलं असेल आणि मला सांगत नसतील. संध्याकाळी पुन्हा फोन करू म्हणून मी दुपारच्या बसने निघाले.

शिफ्ट सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. आखाताकडे जाणाऱ्या विमानांच्या बॅगा त्या सुमाराला खूप येतात. खोकी, पोती, दोरीने आवळलेल्या सुटकेसेस. दोरीने पट्टी चिरडते, म्हणून आमच्याकडे गर्दीही तेव्हाच. मी मान खाली घालून एकामागून एक बॅगा काढत होते आणि समोर निळी चादर आली.

मोठ्या सुटकेसला चादरीचं आवरण शिवलेलं होतं. निळ्यावर पिवळी बारीक फुलं. कडेने हाताची शिवण, आई घालते तशी, एक टाका लांब, एक आखूड. वरून नायलॉनची दोरी आडवी-उभी, आणि पट्टी दोरीखाली सापडून दुमडलेली. मला वाटलं, अशा चादरी काय, बाजारात पुष्कळ विकल्या गेल्या असतील. पण हात आपोआप शिवणीवरून फिरला. दोरी सैल करून मी पट्टी सरळ केली आणि स्कॅनर धरला. स्क्रीनवर मस्कतचं विमान आलं आणि त्याखाली आईचं नाव. मधलं नाव वडिलांचं, आडनाव आमचं.

मी पुन्हा स्कॅन केलं, तेच आलं.

शेजारची म्हणाली, "अगं, मागे बॅगा तुंबल्यात." मी सुटकेस बाजूला उतरवून घेतली आणि तिला सांगितलं, जरा बघ माझ्याकडचं, मी आलेच. फोन आम्हाला लॉकरमध्ये ठेवायला लागतात. मी लॉकरच्या खोलीत जाऊन आईला फोन लावला. अजूनही मला वाटत होतं की ती पेणला असेल, की भावाने नुसतं सामान मागवलं असेल. पण माणूस विमानात नसेल तर त्याच्या नावाची बॅग जात नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

आईने लगेच फोन उचलला. "काय गो? सुटली शिफ्ट?"

तिच्या हिशेबाने माझी पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. "हो," मी म्हटलं. "तू कुठे आहेस?"

"हितंच की. मावशीकडं."

"काय करतेस?"

"काय करणार? पापड घेतलेत लाटायला."

तिच्या मागे घोषणा सुरू झाली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. कुठल्या तरी शहराला जाणाऱ्या प्रवाशांनी कुठल्या तरी दरवाजाकडे जावं. तो आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा. खाली आमच्याकडेही तो अंधुक ऐकू येतो, त्या क्षणी येतही होता. तीच बाई, तेच शब्द, एकदा फोनमधून आणि एकदा छतातून.

"कसला आवाज गो?" मी विचारलं.

"टीव्ही हाय," आई म्हणाली. "मावशीनं टीव्ही लावलाय."

मला म्हणता आलं असतं, आई, मी तुझ्या खाली उभी आहे. तुझी बॅग माझ्याजवळ आहे. पण ज्या सहजतेने ती टीव्ही म्हणाली, ते ऐकून मला तसं म्हणवेना. वडिलांच्या आजारपणातही तिने इतक्या सरळ आवाजात मला काही खोटं सांगितलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. आता तेही कुठून खात्रीने सांगू?

"मावशीचा डोळा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. पट्टी काढली." थोडं थांबून ती म्हणाली, "तू जेवलीस?"

"जेवले."

"बरं. ठेवते. हात पिठाचे हायत."

मी खोलीबाहेर आले तेव्हा सर माझ्या लाइनवर उभे होते. "ही बॅग का उतरवलीस? पुढे जायला हवी ही."

"आईची आहे," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"तुझ्या आईची? वर आहे ती? आधी बोलायचंस ना." त्यांचा चेहरा खुलला. "पहिल्यांदा चाललीय का? भेटली नाहीस?"

"शिफ्ट बदलली ना, म्हणून राहिलं," मी म्हणाले. आईचं खोटं आता मी पुढे चालवत होते.

माझ्या गळ्यातल्या कार्डातही तशीच चिप आहे. ते खालचे दरवाजे उघडतं, माझ्या लॉकरचा, बेल्टचा, जेवणाच्या खोलीचा. वरच्या मजल्यावर, प्रवासी बसतात तिथे, ते चालत नाही. दिवा लाल होतो. सरांना ते माहीत होतं. ते म्हणाले, "मी वर फोन करतो, कोणाला तरी सोबत देतील. दहा मिनिटं भेटून ये."

जिना चढून गेले असते तर आई तिथे एखाद्या खुर्चीत बसलेली दिसली असती, ठेवणीतली साडी नेसून, पासपोर्ट हातात घट्ट धरून. तो पासपोर्ट मीच काही वर्षांपूर्वी काढून दिला होता, भावाकडे दोघींनी जायचं ठरलं होतं आणि राहिलं होतं तेव्हा. मला बघून तिचं तोंड उतरलं असतं. तिने काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खरं आहे की नाही याचा विचार मला तिच्या तोंडासमोर करावा लागला असता. शिवाय ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. रडत रडत बसावी असंही वाटेना.

"नको सर," मी म्हटलं. "बोलणं झालंय फोनवर."

एक विचार मनात आला तो सांगते. ही सुटकेस मी अशीच कोपऱ्यात ठेवली असती, तर आई तिकडे रिकाम्या हाताने उतरली असती. डिंकाचे लाडू, वाल, पापड, बाळाची दुपटी, सगळं इथेच राहिलं असतं. सगळ्यांना कळलं असतं की मला कळलंय. मी सुटकेसच्या मुठीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग यंत्रातून नवी पट्टी काढली, जुनी कापून टाकली, नवी दोरीच्या बाहेरून नीट गुंडाळली आणि सुटकेस बेल्टवर सोडली. ती कमानीखालून गेली, हिरवा दिवा लागला. शिफ्ट संपायच्या आधी मी स्क्रीनवर एकदा पाहिलं. तिची बॅग विमानात चढली होती आणि विमान केव्हाच गेलं होतं.

त्या रात्री पेणच्याच दुसऱ्या एका मैत्रिणीकडे झोपले आणि सकाळी मावशीकडे गेले. मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. दोन्ही डोळे धडधाकट, चष्मासुद्धा नाही. मला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"आई कुठे आहे?" मी विचारलं.

"अगो... ती..."

"मस्कतला पोचली का? तुला फोन आला असेल."

मग ती उठलीच. मला आत घेऊन गेली, पाणी दिलं, चहा ठेवला. माझ्या मावसभावाने आईला गाडीने विमानतळावर सोडलं होतं. सुटकेस तीन महिने मावशीच्या माळ्यावर भरली जात होती. तिकीट भावाने काढलं होतं, मला सांगायचं नाही हेही त्यानेच ठरवलं होतं. मावशीच्या शेजाऱ्यांना माहीत, मावसभावाच्या बायकोला माहीत, अष्टमीच्या आमच्या शेजारणीलाही माहीत, जी मला रोज सकाळी विचारत होती, आई कधी येणार? मी त्या घरात दुसऱ्या शिफ्टच्या किती रात्री झोपले होते. माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर ती सुटकेस होती.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत," मी म्हटलं.

"तसं नाय गो. तू पाठवली नसतीस तिला."

"ती स्वतः म्हणाली होती, जायचं नाही. माझ्यासमोर म्हणाली."

"तुझ्यासमोर दुसरं काय म्हणणार? तू भावाला सांगून मोकळी झालीस, तिला विचारलंस काय कधी? पहिलं नातवंड हाय तिचं. हितं येऊन रडायची ती."

मी खरंच विचारलं नव्हतं. पण बंगळुरूच्या वेळी तीही मला न विचारताच रडली होती, आणि मी थांबले होते.

"मावशी," मी विचारलं, "तिने मला कुठे जाऊ दिलं नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"व्हय," ती म्हणाली. "ते मी तिला बोलले पण."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, ती पोरगी समजून घेईल."

मी चहा न पिता निघाले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो आधी माफीच्या सुरात होता, मग मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर चढ्या आवाजात. "आई तुझ्या एकटीची आहे का, ताई?" मग त्याने फोन तिच्याकडे दिला.

"तुझं तोंड बघून माझा पाय निघाला नसता गो," आई म्हणाली.

"मग निघाला नसता, तर काय झालं असतं?"

त्यावर ती रडायला लागली. या वेळी मी तिला उगी म्हटलं नाही. विचारलं, "परत कधी येणार?" तिला ते माहीत नव्हतं. भावाने ठरवायचं होतं.

अष्टमीच्या घरात मी एकटी राहिले. पहिले काही आठवडे मी शेजारणीशी बोलायचं टाळत होते, पाण्याच्या वेळा चुकवत होते. राग आईवर होताच, पण त्याहून जास्त लाज वाटायची. मी फसले हे सगळ्यांनी बघितलं होतं. आईचे फोन येत. बाळ झालं, मुलगा झाला, तिने फोनवर त्याचं रडणं ऐकवलं. मी मनापासून आनंदी होते आणि त्याच वेळी तिला एक शब्द जास्त बोलावासा वाटत नव्हता. सरांना मी एकदा जाऊन सांगितलं, पुन्हा कुठली जागा निघाली तर माझं नाव द्या. ते म्हणाले, "आणि आई?" मी म्हटलं, "आईची सोय झालीय." बाहेरच्या गावची जागा काही निघाली नाही. पण पाच-सहा महिन्यांनी आमच्याच लाइनची मुख्य केलं मला. मग रोजच्या येण्याजाण्याचा विचार करून मी पेणला स्टेशनकडे एक खोली घेतली. मावशीचं घर तिथून लांब नाही, तरी मी तिच्याकडे सणापुरतीच जाते.

वर्ष व्हायच्या आत आई परत आली. तिकडे सूनबाईंशी तिचं जमलं नाही, गुडघे सुजले, आणि बाळाला त्यांनी पाळणाघरात घातलं. मी तिला आणायला विमानतळावर गेले, कारण दुसरं कोणी जाणार नव्हतं. ती बारीक झाली होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी तिच्या पुढ्यातली सामानाची ढकलगाडी घेतली. गाडीत बसल्यावर ती सूनबाईंबद्दल सांगायला लागली, पूर्वी सगळं मलाच सांगायची तसं. वडखळ येईपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आई, हे मला नको सांगू. तुझं तू आणि त्यांचं ते."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुझा राग अजून गेला नाय?"

"राग नाही," मी म्हटलं. "पण तू काही सांगितलंस की मला आधी वाटतं, हे खरं असेल का? ते कसं जाणार, मला माहीत नाही."

तिने पदर डोळ्यांना लावला. मी ड्रायव्हरला काच थोडी खाली करायला सांगितली.

अष्टमीला पोचल्यावर मी घर उघडून दिलं, पंखे लावले, भाजी आणली. शेजारीण लगेच आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी स्वयंपाकघरात भात लावला. शेजारीण गेल्यावर आई दारात येऊन उभी राहिली. माझ्या खोलीचं तिला आधीच फोनवर सांगितलेलं होतं, तरी तिने विचारलं, "आता मी आले. पेणची जागा सोडशील ना?"

"नाही."

"दोघी राहू की पहिल्यासारख्या."

"सुट्टीच्या दिवशी येईन मी. औषधं, बाजार, सगळं बघेन. पण राहायला तिकडेच."

"माझ्याशिवाय करमतं तुला?"

मी खरं तेच सांगितलं. "सुरुवातीला नाही करमलं. आता करमतं."

ती पाटावर बसली आणि मी वाढलेलं जेवली, सगळं, ताटात काही न टाकता. मी भांडी घासून पालथी घातली, तिची गोळ्यांची डबी उशाशी ठेवली आणि पूल ओलांडून स्टँडवर आले. पेणची गाडी लागलेली होती. बसल्यावर तिचा फोन आला, बसायला जागा मिळाली का, म्हणून. मी सांगितलं, मिळाली.